गुहागरच्या माजघरातील ध्वनिसंच : प्रकल्प नोंदी

२९ सप्टेंबर २०२४

पाऊस उघडीप देऊ लागला असल्याने माजघरातील ध्वनिसंच सुधारण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. संच साधा आहे: दोन वाहिन्यांचा अँप्लिफायर, सीडी प्लेयर, खालच्या स्वरांसाठी साडेसहा इंची वूफर व वरच्या स्वरांसाठी ट्विटर असलेले दोन स्पीकर आणि टीव्हीकडून येणारी एक जोडणी. घर गुहागरच्या खालच्या पाटात आहे; मागची वाडी संपली की लगेच पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, लागते. गेले काही महिने डाव्या स्पीकरचा आवाज मधूनच जातो, आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते, टीव्ही जोडला की बारीक गुणगुण सुरू होते, आणि या साऱ्यांहून त्रासदायक म्हणजे गायकाचे शब्द खोलीत विरून जातात व डग्ग्याचा एखादाच स्वर अंगावर येतो.

चिपळूणच्या एका विक्रेत्याने मोठे स्पीकर घेण्याचा सल्ला दिला आहे. माझे मत वेगळे आहे. समुद्राकाठच्या घरात आवाज प्रथम खाऱ्या हवेने बिघडतो, मग खोलीने, आणि यंत्राच्या दर्जाचा प्रश्न त्यानंतरच येतो. म्हणून कामही त्याच क्रमाने करायचे ठरवले आहे. एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदलानंतर ठरलेली मुद्रणे ठरलेल्या जागी बसून, आवाजाची पातळी मोजून सारखी ठेवूनच ऐकायची. पातळी सारखी ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण एखाद्या डेसिबलने मोठा झालेला आवाज कानाला ‘सुधारलेला’ वाटतो आणि सगळी तुलना फसते.

ऐकण्यासाठी तीन मुद्रणे निवडली आहेत. पहिले विलंबित ख्यालाचे असून त्यात तानपुऱ्यांची जोडी स्वच्छ ऐकू येते. जवारीचा झणत्कार ट्विटरची आणि सैल जोडण्यांची परीक्षा घेतो. दुसऱ्यात तबल्याचे स्वतंत्र वादन आहे. तिसरे कीर्तनातील निरूपणाचे आहे, कारण खोलीचा निनाद बोललेल्या शब्दांत सर्वांत आधी उघडा पडतो. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेली मुद्रणे या कामासाठी बाजूला ठेवली आहेत. विद्युत पद्धतीचे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले. त्याआधी कर्ण्यातून मुद्रित झालेल्या गाण्यांत डग्ग्याचा खर्ज मुळात फारसा उतरलेलाच नाही, त्यामुळे खोलीचा दोष त्यांवरून कळत नाही.

६ ऑक्टोबर २०२४

आजचा दिवस जोडण्यांना दिला. वीजप्लग काढून अँप्लिफायर बराच वेळ तसाच ठेवला आणि मगच उघडला, कारण आतील मोठ्या कपॅसिटरांत वीज बंद केल्यावरही घातक भार शिल्लक राहू शकतो.

दोष कोठून आला हे पाहताक्षणी समजले. स्पीकरच्या तारांची टोके हिरवी पडली होती, आणि वरचे आवरण सोलत गेल्यावर हा हिरवा थर आत वीतभर पोहोचलेला आढळला. मिठाचे एक साधे भौतिक सत्य येथे लागू पडते: सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील ओलावा ओढून स्वतःच पाझरू लागते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरातल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतात; उन्हाळ्यात ते कोरडे असताना फारसे काही करत नाहीत, पण पावसाळ्याचे चार महिने त्यांचे खारे पाणी होऊन तांब्याला खात राहते, आणि बहुपदरी तारेच्या बारीक फटींतून ते आतवर शिरते. टोक घासून चकचकीत करण्याने हा प्रश्न सुटत नाही. जुन्या तारा टाकूनच दिल्या.

नवी तार निवडताना बोटवाल्यांचे शहाणपण उपयोगी पडले. मच्छीमार बोटींच्या विजेच्या कामात कलई केलेल्या तांब्याची तार वापरतात, कारण कथलाचा पातळ थर तांब्याला खाऱ्या हवेपासून राखतो. तीच तार २.५ चौरस मिलिमीटर जाडीची घेतली. जाडीचा हिशेब असा: अँप्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत ८ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १६ मीटर तांबे. जुनी तार ०.५ चौरस मिलिमीटरची असल्याने तिचा रोध सुमारे ०.५५ ओहम होता, नव्या तारेचा सुमारे ०.११ ओहम आहे. स्पीकर ६ ओहमचे असल्याने जुन्या तारेत पाऊण डेसिबलच्या आसपास घट होत होती, आणि स्पीकरचा रोध वारंवारतेनुसार बदलत असल्याने ही घट सर्व स्वरांवर सारखी नव्हती. जाडी पुरेशी असणे आणि टोके न गंजणे, एवढ्या दोन गोष्टी साधल्या की तारेवर अधिक खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

आवाजाच्या बटणातील खरखर, म्हणजे आतील रोधपट्टीवर बसलेली घाण, संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने गेली. गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी वापरतात तो तेलकट फवारा येथे चालत नाही. त्याचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो. मागच्या बाजूच्या सर्व पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या.

डाव्या स्पीकरची बाब अधिक गंभीर निघाली. वूफरच्या शंकूभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होऊन पडली. हा फोम दमट हवेत पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने आतून विघटित होतो, मग संच वापरात असो वा नसो. उजवी कडही त्याच मार्गावर असल्याने दोन्ही स्पीकरांना रबरी कडा बसवल्या. चिकटवताना शंकू मधोमध राहिला नाही तर आतील कॉइल चुंबकाला घासते, म्हणून गोंद ओला असतानाच अगदी हलक्या पातळीवर ३० हर्ट्झचा स्वर सोडून शंकू मोकळा हलतो आहे ना ते पाहिले. नंतर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही शंकू एकाच दिशेने, म्हणजे बाहेर, सरकतात याची खात्री केली. एक आत आणि एक बाहेर जात असेल, तर दोन स्पीकरांतील खर्ज एकमेकांना मारून टाकतो.

तानपुऱ्याचे मुद्रण लावले. डावी-उजवी बाजू आता सारखी आहे आणि जवारी मोकळी ऐकू येते. शब्द मात्र अजून विरतातच.

२० ऑक्टोबर २०२४

गुणगुण शोधली. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अशी गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. टीव्हीची केबल काढली की ती थांबत होती, यावरून कारण स्पष्ट झाले: केबलचे धातूचे आवरण बाहेर कोठेतरी जमिनीशी जोडलेले आहे, अँप्लिफायर घरच्या अर्थिंगला जोडलेला आहे, आणि या दोन जमिनींमधील विद्युतदाबाच्या किरकोळ फरकामुळे आवरणातून सतत थोडा प्रवाह वाहतो. टीव्हीची जोडणी प्रकाशतंतूच्या, म्हणजे ऑप्टिकल, तारेने केली आणि गुणगुण पूर्ण थांबली; काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो, आणि दमट घरात तर अधिकच.

वायरमनकडून अर्थिंगचा खड्डाही तपासून घेतला. जांभ्या कातळाची जमीन पाऊस संपला की लवकर कोरडी पडते आणि तिचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात कोळसा व मीठ नव्याने भरून तेथे पाणी पोहोचेल अशी व्यवस्था केली. परतीच्या पावसात संध्याकाळी विजा होत असल्याने सर्व प्लग काढून ठेवण्याचा नियम घरात सर्वांना सांगितला आहे.

१७ नोव्हेंबर २०२४

खोलीकडे वळलो. माजघर ५.४ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद आहे. भिंती चिऱ्याच्या व गिलावा केलेल्या, खाली लादी, वर माळ्याच्या फळ्यांचे सपाट छत २.७ मीटरवर. या आकड्यांतच डग्ग्याच्या तक्रारीचे उत्तर आहे. समांतर भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते, त्याची स्थिर लहर तयार होते, आणि त्याच्या पटींतील स्वरांचीही होते. तापमान ३० अंश सेल्सिअस धरले तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. म्हणजे लांबीची पहिली लहर ३२ हर्ट्झवर आणि दुसरी ६५ हर्ट्झजवळ, रुंदीची ४८ हर्ट्झवर, आणि उंचीची पुन्हा ६५ हर्ट्झजवळच. आमची लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असल्याने दोन लहरी एकाच स्वरावर येऊन बसतात. तबलजी मनगटाचा दाब देत डग्ग्याचा घुमारा खालून वर नेतो, तेव्हा तो सलग उमलला पाहिजे. आमच्याकडे तो या एका ठिकाणी अचानक फुगतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा लहान होतो. मोठे स्पीकर आणले असते तर हाच दोष आणखी मोठा झाला असता.

स्पीकर आजवर भिंतीला टेकलेल्या कपाटावर, अगदी कोपऱ्यांत होते. कोपऱ्यात तिन्ही दिशांच्या लहरी सर्वाधिक जोराने उठतात. सुतारदादांकडून फणसाच्या लाकडाचे दोन जड स्टँड करून घेतले. त्यांच्या पोकळ तळात वजनासाठी वाळू भरायची होती. पुळणीची वाळू हाताशी असली तरी तिच्यातील मीठ ओलावा धरते आणि खिळे-स्क्रू खाते, म्हणून नदीची वाळू धुऊन, उन्हात वाळवून भरली. उंची अशी ठेवली की ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर, जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर, येतो.

जागा ठरवताना दोन तत्त्वे पाळली. लांबीच्या दुसऱ्या लहरीचा दाब खोलीच्या एक-चतुर्थांशावर शून्य असतो, म्हणून बैठक मागील भिंतीपासून १.३५ मीटरवर आणली. दुसरे असे, की स्पीकरमागच्या, म्हणजे बैठकीसमोरच्या, भिंतीवरून परतणारा ध्वनी ठरावीक स्वरावर थेट ध्वनीला मारतो. स्पीकर भिंतीपासून जितका दूर, त्याच्या चौपट तरंगलांबीच्या स्वरावर हा खड्डा पडतो. समोरचे आणि बाजूचे अंतर सारखे ठेवले तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडून खोल होतात, म्हणून समोरच्या भिंतीपासून ९५ सेंटिमीटर आणि बाजूच्या भिंतींपासून ७० सेंटिमीटर अंतर धरले. खड्डे अनुक्रमे ९२ आणि १२५ हर्ट्झच्या आसपास विभागले जातात.

झोपाळा माजघराच्या मध्यावर आहे आणि तेथेच राहील. मात्र त्यावर बसून आवाजाचा निर्णय करता येत नाही, कारण झोका पुढे-मागे जाताना कान या लहरींच्या कमी-अधिक दाबांतून फिरत राहतो.

एवढ्यानेच डग्ग्याचा फुगवटा बराच उतरला, आणि यासाठी स्टँडखेरीज काहीही खर्च झालेला नाही.

८ डिसेंबर २०२४

आता शब्द का विरतात याकडे वळलो. या विषयाचा पाया वॉलेस सबाइन यांनी घातला. हार्वर्डमधील फॉग कला संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजत नसे, आणि १८९५ मध्ये ते काम या तरुण प्राध्यापकाकडे सोपवण्यात आले. ते रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत, आणि जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या उशा आणून त्यांची संख्या बदलत. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: निनादकाल, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, बरोबर खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. शोषणाचे त्यांचे मोजमाप उघडी खिडकी हे होते, कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही.

माजघराचे घनफळ सुमारे ५२.५ घनमीटर आहे. गिलावा आणि लादी ध्वनीचा शेकडा दोन-तीन भाग शोषतात, फळ्यांचे छत दहाएक. सामान आणि माणसे धरून मध्यम स्वरांसाठी एकूण शोषण साधारण ५.३ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके भरते. म्हणजे निनादकाल १.६ सेकंद. गाण्याच्या बैठकीला थोडा निनाद हवा, पण मुद्रणात तिथल्या जागेचा निनाद आधीच असतो. घरात ऐकताना वर आपल्या भिंतींचा दीड सेकंद चढला, तर निरूपणातील एक अक्षर पुढच्या अक्षरावर पडते.

सबाइनची उघडी खिडकी आमच्याकडे प्रत्यक्षातच आहे. ओटीचे दार उघडले की सुमारे २ चौरस मीटरची मोकळी जागा मिळते आणि हिशेबाने निनादकाल १.१६ सेकंदांवर येतो. ऐकून पाहिले, शब्द खरोखर सुटे होतात आणि खर्जही हलका होतो. घरातील मोठी माणसे ‘दारे उघडी असली की रेडिओ चांगला ऐकू येतो’ असे म्हणत, ते शास्त्राला धरून होते. पण पावसाळ्यात वाऱ्या-पावसामुळे हे दार बंद ठेवावे लागते, आणि गाणे ऐकायला वेळ तेव्हाच अधिक असतो. शोषण खोलीच्या आतच वाढवले पाहिजे.

५ जानेवारी २०२५

शोषणासाठी बाजारात काचतंतूचे किंवा खनिज लोकरीचे फलक मिळतात. येथील पावसाळ्यात ते ओल धरतील आणि त्यांचे तंतू हवेत नकोत, म्हणून काथ्या निवडला. नारळाच्या सोडणाचा हा तंतू खाऱ्या पाण्याला दाद देत नाही; दोर आणि पायपुसणी त्याची म्हणूनच करतात. सच्छिद्र असल्याने मध्यम आणि वरच्या स्वरांचे शोषण तो उत्तम करतो.

सुतारदादांनी पट्ट्यांच्या चौकटी केल्या, त्यांत ५ सेंटिमीटर जाडीची काथ्याची गादी बसवली, वर पातळ सुती कापड ताणले. भिंत आणि गादी यांत आणखी ५ सेंटिमीटर मोकळी हवा ठेवली आहे. या पोकळीची कारणे दोन आहेत. भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलतच नाहीत, ते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक हलतात. म्हणून शोषक जितका भिंतीपासून सुटा, तितका तो खालच्या स्वरांपर्यंत काम करतो. आणि चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, तेव्हा मागून हवा खेळली नाही तर बुरशी येणार. फलक खुंट्यांवर टांगले आहेत, म्हणजे अधूनमधून खळ्यात उन्हाला घालता येतील. काथ्या पेट घेणारा असल्याने देवघराच्या बाजूची भिंत मोकळी सोडली आहे.

फलक कोठे लावायचे ते आरशाने ठरवले. मी बैठकीवर बसलो आणि मुलाने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला; आरशात ज्या जागी स्पीकर दिसला, तेथूनच पहिले परावर्तन कानाकडे येते, तेथे फलक लावला. समोरच्या भिंतीवर आणि बैठकीमागे उरलेले लावले. लादीवर स्पीकर आणि बैठक यांमध्ये जाड सतरंजी आली.

खर्जासाठी काथ्याचे हे फलक पुरे पडत नाहीत. ६५ हर्ट्झची तरंगलांबी पाच मीटरांहून अधिक आहे. पाहुण्यांसाठीच्या कापसाच्या गाद्यांची चळत आतल्या खोलीत असे. ती माजघराच्या मागच्या कोपऱ्यात आणून ठेवली. कोपऱ्यात इतक्या जाडीचा कापूस असला की खालच्या स्वरांवरही परिणाम होतो, आणि तो कानाला जाणवला.

२ फेब्रुवारी २०२५

नमन-खेळ्यांच्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था पाहणारे एक स्नेही मापनाचा मायक्रोफोन घेऊन आले. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी केलेला असतो, खर्जात त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ‘रूम ईक्यू विझार्ड’ या मोफत प्रणालीने २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर सोडून आलेख काढले.

निनादकाल मध्यम स्वरांत ०.६ सेकंदाच्या जवळ आला आहे. ६५ हर्ट्झचे शिखर अजून दिसते, पण लहान. बैठकीपाशी लांबीच्या लहरीचा दाब शून्य असला तरी उंचीची लहर शिल्लक आहे, कारण तिचा शून्यबिंदू १.३५ मीटर उंचीवर आहे आणि कान त्याच्या खाली असतात. ९२ हर्ट्झपाशी अपेक्षेप्रमाणे खड्डा आहे. तो बरोबरीयंत्राने (इक्वलायझरने) भरून काढावा का, असे विचारले तेव्हा स्नेही म्हणाले, “अहो, तो खड्डा भरायला जाल तर अँप्लिफायर दमेल आणि आवाज वाढायचा नाही. तुम्ही जेवढा जास्त द्याल, तेवढाच भिंत परत पाठवणार.” म्हणून सीडी प्लेयर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये लावलेल्या छोट्या डीएसपीत, म्हणजे स्वरांची पातळी कमी-अधिक करणाऱ्या अंकीय यंत्रात, ६५ हर्ट्झवर एक अरुंद, ५ डेसिबलची कपात तेवढी केली. बैठकीच्या जागी शिखर खाली आले आणि त्या स्वराची मागे रेंगाळणारी शेपूटही आखूड झाली.

तबल्याचे मुद्रण लावले. घुमारा आता खालून वर सलग जातो, चाटेवरचा ‘ना’ वेगळा उभा राहतो, आणि बोटाचा स्पर्श व त्यामागून येणारा नाद यांतले अंतर कळते. इतकी वर्षे हे सर्व याच सीडीवर होते आणि याच स्पीकरांतून निघत होते, याचा मला मनापासून आनंद झाला.

१६ मार्च २०२५

शिमग्याच्या दिवसांत काम थांबले होते. फक्त पंख्याची बेअरिंग बदलली. हळू ख्यालात आलापाच्या विरामात ती घरघर ऐकू येत असे.

८ जून २०२५

यंदा मोसमी पाऊस लवकर आला. २६ मे रोजी तो मुंबईत पोहोचलाही होता. खरी परीक्षा आता आहे.

पहिली अडचण पावसाच्या आवाजाचीच. माजघरावर कौले आणि मध्ये माळा असल्याने तेथून फारसा त्रास नाही, पण पडवीवरच्या पत्र्यावर सर पडली की गाण्याचे हळुवार भाग बुडतात. पत्र्यावर झावळांचे विणलेले झाप अंथरून दोराने बांधले. थेंब पत्र्यावर आदळण्याआधीच झापावर फुटतो आणि पत्र्याचे कंपनही दबते. फरक मोठा आहे.

दुसरी व्यवस्था ओलाव्याची. अँप्लिफायर आणि प्लेयर ज्या कपाटात आहेत, त्यात बंद ठेवण्याच्या वेळेसाठी १५ वॅटचा बल्ब लावला आहे. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना कपाटातील हवा साडेचार अंशांनी तापली, तर तिच्यातील पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे मीठ पाझरण्याच्या मर्यादेखाली. आत ठेवलेला आर्द्रतामापक ६८ ते ७२ दाखवतो आहे. संच चालू करण्याआधी बल्ब बंद होतो आणि मागची झडप उघडते, कारण चालू अँप्लिफायरला स्वतःचीच उष्णता बाहेर टाकायची असते.

तारांची टोके उघडून पाहिली; कलईवर डाग नाही. ओटीचे दार बंद असतानाही निरूपणातील शब्द आता सुटे ऐकू येतात.

२९ जून २०२५

फलक तपासले. पश्चिमेकडच्या भिंतीवरील एका फलकाच्या कापडावर खालच्या कडेला बुरशीचे ठिपके दिसले; तेथे भिंतीची ओल अधिक आहे. कापड बदलले आणि त्या फलकामागची पोकळी ५ ऐवजी ८ सेंटिमीटर केली.

एक गोष्ट आत्ताच मार्गी लावायला हवी. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. घर पाहुण्यांनी भरेल आणि कोपऱ्यातील गाद्यांची चळत झोपण्यासाठी बाहेर निघेल. माणसांच्या गर्दीने मध्यम आणि वरचे स्वर आपोआप शोषले जातील, पण खर्जाचा शोषक नेमका तेव्हाच जाईल आणि आरत्यांच्या ढोलकीला ६५ हर्ट्झचा फुगवटा पुन्हा येईल. त्यासाठी मागच्या दोन्ही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत त्रिकोणी चौकटी करायच्या आहेत. भिंतीलगतच्या बाजू ६० सेंटिमीटर, आत काथ्या सैल भरलेला, समोर सुती कापड, आणि हवा खेळण्यासाठी खाली-वर चार-चार बोटे मोकळी. सुतारदादांना मापे दिली आहेत, आणि श्रावण लागण्यापूर्वी चौकटी बसवून देतो असे त्यांनी सांगितले आहे.